आजी-आजोबांमधली टिंबं

सलग नवव्या दिवशी आत्या तांब्या घेऊन पाणी प्यायला शेजाऱ्यांकडे गेली, तेव्हा मी मुकाट्याने पिशवी भरली आणि पुण्याहून भिवंडीला निघालो.

दोष माझाच. वंशावळ काढायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. आजी-आजोबांच्या लग्नाचा कागद कुठेच सापडेना, म्हणून मोठ्या शिस्तीत दोघांच्या नावांमध्ये टिंबटिंबांची रेघ मारली आणि तक्ता बैठकीत लावला. ब्याऐंशी वर्षांच्या आत्याने चष्मा पुसून विचारलं, “माझ्या आईबापात ही टिंबं कसली?” मी कारण सांगितलं. ती टिंबं पुसेपर्यंत आमच्या घरचं पाणी तिने वर्ज्य केलं. जेवण मात्र चालू होतं.

वकील मित्र म्हणाला होता, दोघं वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून नांदली आणि लोकांनीही तसं मानलं, तर लग्न झालंच असं कायदा धरून चालतो. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. हे आत्याला सांगितलं, तर तिने विचारलं, “कायदा जेवायला आला होता का लग्नाला?”

कल्याणला उतरून खारबावसाठी, म्हणजे आजीच्या गावासाठी, रिक्षा केली. टेमघरपाशी कंटेनरांच्या रांगेत अडकलो. रिक्षावाला पूर्वी कापडाच्या लूमवर कामाला होता. त्या खटखटाटात ओरडून बोलायची सवय अजून गेली नव्हती. माल उचलायला आलात का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आजोबांच्या लग्नाचा पुरावा शोधायला.

“दादा की शादी का?” तो गरजला. “अब किसको शक है?”

शेजारच्या दोन रिक्षा आणि एक टेम्पो माझ्याकडे बघू लागले.

खारबावात आत्याच्या ओळखीच्या सोनूबाईंचं घर लगेच सापडलं. त्या धवलारीण (गाणी म्हणत लग्न लावणारी बाई). त्यांची सासूही धवलारीणच होती. इकडच्या जुन्या लग्नांचा कागद म्हणजे धवलारणीची आठवण, एवढाच. त्यांनी आधी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. कालवण इतकं झणझणीत, की मी डोळे पुसू लागलो. आजीच्या आठवणीने मला रडू आलं, असं समजून त्यांनी आणखी वाढलं.

मग म्हणाल्या, सासूने लावलेली सगळी लग्नं मला पाठ आहेत, त्यात हे नाही. आजोबा पडघ्याकडून भाताच्या लावणीला आले आणि परत गेलेच नाहीत, एवढंच ठाऊक.

माझा चेहरा पडला. आता आत्या जन्मभर शेजाऱ्यांचं पाणी पिणार.

“पन माज्या लगनात पयली हलद तुज्या आजीनं लावली,” सोनूबाई म्हणाल्या. “गावात कुनाचीबी हलद असूंदे, पयली ती. सवाशीन नसती तर हात लावू दिला असता?”

वकिलाने सांगितलेलं सगळं एका हळदीत आलं. मी तिथूनच आत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “सोने, मग धवलं गायलं की नाही कुणी?”

“न्हाय गो बाय.”

“मग आता गा.”

मी एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात सुपारी धरून पाटावर बसलो. नवऱ्याकडचं कोणीतरी हवंच, असं सोनूबाईंचं म्हणणं. त्या थरथरत्या आवाजात गात होत्या आणि मधूनमधून मोबाइलवर तांदूळ टाकत होत्या. दारात जमलेल्या बायकाही गाऊ लागल्या. पलीकडे आत्या रडत होती. मलाही भरून आलं, आणि या वेळी कालवणाचा काही संबंध नव्हता.

पुण्याला पोचल्यावर आधी टिंबं जोडून ठसठशीत रेघ ओढली. आत्याने जवळ जाऊन ती पाहिली, माझ्या हातून तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्यानेच गटागटा प्यायली.

मग पेन मागून रेघेखाली स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘लग्नाला हजर : मुलगी.’