नायक धनराजच्या मगातली रम

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाच्या चौकीवर होती. उंची सोळा हजार फुटांच्या वर. माणसं बारा. मी शिपाई, सौंसरजवळच्या बोरगावचा. नायक धनराज कळंबे, रँकनं माझ्या वरचा, पांढुर्ण्याचा. बारा जणांत आमच्या भागाचे आम्ही दोघंच.

आता मी फौजेत नाही. सौंसर आणि लोधीखेड्याच्या बाजारात व्यसनमुक्तीची पत्रकं वाटतो. लोक पत्रक घेतात, हसतात, त्यात भजी गुंडाळतात. पत्रकात व्यसनाच्या चार पायऱ्या छापल्या आहेत. त्या बरोबर आहेत. पण छापलेली पायरी कोणाला जिवंत माणसात ओळखू येत नाही. मलाही आली नव्हती. म्हणून इथे माणूस सांगतो.

चौकीचा दिवस ठरलेला असे. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह आपापल्या मोर्चावर. सहाला चहा. साडेसहापासून फावडी, कारण रात्रीतून पडलेला बर्फ काढला नाही तर दरवाजा उघडत नाही. दहाला रेडिओ चेक. त्यानंतर खालच्या चौकीकडे जाणाऱ्या वाटेवर दोर बांधून गस्त. दोरावर पहिला माणूस नेहमी धनराज. निघण्याआधी तो प्रत्येकाच्या कमरेची गाठ हातमोजा काढून, बोटांनी चाचपून बघायचा. तेवढ्या थंडीत उघड्या बोटांनी. मी त्याला उस्ताद म्हणायचो. तो मला, कोणी जवळ नसलं की, आपल्या बोलीत बोलायचा.

"काहून रे, भेव वाटून राहिलं काय?"

"नाही उस्ताद."

"वाटू दे न. ज्याले भेव वाटत नाही त्याले मी दोरावर घेत नाही."

संध्याकाळी सहाला रम इश्यू. सुबेदार साहेब स्वतः मापून प्रत्येकाच्या मगात ओतायचे. आमच्या चौकीवर एक रीत होती. न पिणारा माणूस आपली रम नाकारत नसे. तो ती आपल्या आवडत्या माणसाच्या मगात ओतायचा. त्यात मान होता. तोंडानं कोणी कोणाला चांगलं म्हणत नाही, आपला मग पुढे करतो. आम्ही तिघं न पिणारे होतो. तिघांची रम धनराजच्या मगात जायची. मी रोज, पाच महिने, स्वतःच्या हातानं ओतली.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळे फसतात.

चौघांची रम एकटा पिऊन धनराज सरळ चालायचा. आम्ही म्हणायचो, काय काळीज आहे. पत्रकात याला पहिली पायरी म्हणतात: पूर्वी जेवढ्यानं चढायची तेवढ्यानं चढत नाही. पुढे तो साडेपाचपासून घड्याळ बघायला लागला. आम्ही म्हणायचो, टाइमाचा पक्का. ती दुसरी: ओढ. मग रोज सकाळी स्टोअर झाडायचं काम तो मागून घेऊ लागला. नायक माणूस, हातात झाडू. सुबेदार साहेब आम्हाला म्हणाले, "शिका याच्याकडून." स्टोअरमध्ये रमचे कॅन असत. तो सकाळी तिथून परतला की हात स्थिर, चेहरा ताजा. ती तिसरी: लपून घेणं, सकाळी घेणं, आणि घेतल्यावरच बरं वाटणं.

प्रत्येक खूण आमच्या डोळ्यांपुढे होती. प्रत्येक खुणेला आम्ही शाबासकी दिली. मला याचा आजही राग येतो, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा येतो.

मग वाट बंद झाली. आठ दिवस बर्फ पडला, खालून सप्लाय आला नाही. रेशन होतं, केरोसीन होतं. सोमवारी रम संपली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी धनराजच्या हातातून चहा सांडला. दुपारी तो दोनदा ओकला. त्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "उस्ताद, काय होऊन राहिलं?"

"काही नाही. पोट बिघडलं. तू कोनाले सांगू नको."

मी सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी तो भिंतीवरून काहीतरी वेचायला लागला. मुंग्या, म्हणाला. सोळा हजार फुटांवर मुंग्या. आम्हाला वाटलं, उंचीनं मेंदूला सूज आली. तिथे हे होतं, सगळ्यांना माहीत असतं. चौकीचा नर्सिंग असिस्टंट बिजू, केरळचा, माझ्याच वयाचा. त्यानं ऑक्सिजन लावला, उंचीच्या आजाराचं इंजेक्शन दिलं आणि तासभर नुसता बघत बसला. नाडी, घाम, बोटं, डोळ्यांच्या बाहुल्या. मग तो आमच्याकडे वळला.

"ये पाँच महीने से यहीं है. ऊपर-नीचे कहीं गया नहीं. हाइट का केस ऐसा नहीं होता. रोज़ कितनी पीता था?"

अकरा वाजले होते. घड्याळ मी बघितलं होतं, म्हणून माहीत आहे.

"सबके जितनी," कोणीतरी म्हणालं.

बिजूनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. माझ्याकडेही. धनराजचं नाव हवालदाराच्या प्रमोशनसाठी गेलेलं होतं. पिण्याबद्दल एक ओळ कागदावर आली असती तर ते तिथेच अडकलं असतं. शिवाय आपल्या माणसाला उघडं पाडायचं नाही, हे फौजेत आईच्या दुधासारखं पाजतात. मी बर्फाकडे बघितलं आणि गप्प राहिलो.

गुरुवारी सकाळी आठला त्याला झटका आला. सगळं शरीर लाकडासारखं कडक झालं, मग उडायला लागलं. चौघांनी धरला तरी आवरेना. मी त्याचे पाय धरले होते. खरं सांगतो, भीतीपेक्षा मला थक्क व्हायला झालं. ज्या माणसाला हिमवादळ हलवू शकलं नाही, त्याला मापभर रमच्या नसण्यानं असं उचलून आपटलं होतं. एवढी ताकद त्या पाण्यासारख्या वस्तूत कुठून येते, मला अजून कळलेलं नाही.

झटका ओसरला. बिजू सिरिंज हातात घेऊन थांबला होता.

"सच बोलो. मैं रिपोर्ट नहीं लिख रहा, सुई भर रहा हूँ."

मी बोललो. माझा मग, बाकी दोघांचे मग, स्टोअरचा झाडू, सगळं. सुबेदार साहेब ऐकत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

बिजूनं रेडिओ उचलला. खालच्या चौकीवर डॉक्टर होते.

"आल्फा वन, चार्ली फाइव्ह. केस हाइट का नहीं है. दारू अचानक बंद होने का है. ओव्हर."

"चार्ली फाइव्ह, कब से? ओव्हर."

"सोमवार से. ओव्हर."

"चार्ली फाइव्ह, कल क्यों नहीं बताया? ओव्हर."

बिजूनं औषध विचारलं, मात्रा विचारली, दिली. त्याच्याकडे त्या औषधाच्या तीनच सुया होत्या. हेलिकॉप्टर निगेटिव्ह, ढग खाली होते. साडेनऊला आम्ही सात जण धनराजला स्ट्रेचरवर घेऊन निघायला तयार झालो.

दोर बांधताना मी घाईत होतो. वाकून स्ट्रेचरचा पट्टा आवळत होतो तेव्हा धनराजचा हात माझ्या कमरेला लागला. त्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक नव्हतं. तो मला दुसऱ्याच कोणाच्या नावानं हाक मारत होता. पण बोटं गाठ चाचपत होती.

"गाठ उलटी आहे," तो म्हणाला.

त्यानं ती सोडली. हात एवढे थरथरत होते की दोर दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यानं गाठ मारली, ओढून बघितली आणि डोळे मिटले. मी तपासली. माझी खरोखर उलटी होती. त्याची बरोबर होती.

अकराच्या सुमारास निळ्या बर्फाच्या उतारावर माझा पाय घसरला. मी पंधरा फूट खाली लोंबकळलो. गाठ सुटली नाही. वर ओढल्यावर मी स्ट्रेचरकडे बघितलं. तो आकाशाकडे तोंड करून कोणा नसलेल्या सेक्शनला शांतपणे हुकूम देत होता. आजूबाजूला सगळे डोंगर पांढरे, आणि त्यात हा एवढाच आवाज. माणसातलं किती जातं आणि किती उरतं, हे मी त्या दिवशी बघितलं.

तीन चाळीसला खालची चौकी गाठली. डॉक्टरांनी सगळं केलं. शुक्रवारी सकाळी अकरा वीसला धनराजचं हृदय थांबलं. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, एक दिवस आधी कळलं असतं तर वाचण्याची चांगली संधी होती. बुधवारी अकरा ते गुरुवारी सव्वाआठ. सव्वाएकवीस तास. ते आमच्या तोंडात होते.

म्हणून बाजारात मी ओरडून सांगतो, लोकांना वाईट वाटलं तरी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका. ते शौर्य नाही. हात कापायला लागले, घाम सुटला, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तर तो नाटक करत नाही, तो मरू शकतो. दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरनं विचारलं तर खरा आकडा सांगा. तुमची अब्रू त्याच्या जिवापेक्षा मोठी नाही.

उतरताना माझ्या बुटात पाणी गेलं होतं. हिमदंशानं पायाची दोन बोटं कापावी लागली. काही महिन्यांनी मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं, म्हणून वर्षश्राद्धाला मी पांढुर्ण्याला जाऊ शकलो. त्याच्या बायकोला, सुनंदा वहिनींना, माझ्या मगाबद्दल मी आधीच सांगितलं होतं. त्या ऐकून आत निघून गेल्या होत्या. तरी बोलावणं त्यांनीच पाठवलं.

फोटोसमोर पान मांडलं होतं. धनराजच्या चुलतभावानं पिशवीतून रमची बाटली काढली आणि एक ग्लास भरून पानाशेजारी ठेवला.

"फौजी माणूस होता. त्याले आवडे. मेल्यावर तरी मिळू द्या बापा."

दोघं-तिघं हसले, प्रेमानंच. मी उठलो. माझ्या तोंडात पत्रकातली चारही वाक्यं तयार होती. वहिनी माझ्याआधी आल्या.

"कोनं सांगतलं तुले, त्याले आवडे म्हून?"

"वहिनी, साऱ्या गावाले मालूम आहे."

"गावाले काय मालूम आहे? शेवटच्या सुट्टीत आला तं सकाळी मोरीत बसून नाक दाबून पेत होता. पेला का ओके. ओकला का पुन्हा पे. डोयातून पानी वाहून राहिलं होतं. मी दरवाज्यात उभी होती. आवडीची वस्तू कोनी अशी खाते का, भाऊजी?"

चुलतभाऊ खाली बघत होता.

इतके महिने मी लोकांना चौथी पायरी समजावत होतो: आवड संपते, पिणं उरतं. धनराज चौकीवर येण्याआधीच तिच्यावर उभा होता, आम्हाला ते दिसलं नव्हतं. ती अशी कोणी मला समजावली नव्हती.

वहिनींनी ग्लास उचलला आणि मोरीत रिकामा केला. हात धुतले. चुलीवरून गरम भाकर आणली, तिच्यावर पाटवडीचा रस्सा वाढला, तिखट, लाल. पान फोटोकडे सरकवून त्या म्हणाल्या, "हे आवडे त्याले."

मग डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी त्याचं नाव घेतलं, रँकसकट. नायक धनराज कळंबे. मी सावधानमध्ये उभा राहिलो. चुलतभावानं माझ्याकडे बघितलं आणि तोही उभा राहिला.