चंपत सरांचा आक्षेप

चंपत सरांना गोष्ट सांगायची म्हणजे पोलिसासमोर जबानी द्यायची. तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या मराठी शाळेतून ते निवृत्त झाले, पण त्यांचे प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. बुद्धजयंतीला पाहुणे वक्ते नवजात सिद्धार्थाची सात पावलं रंगवून सांगत होते, तर सर मधूनच उठून म्हणाले, "जन्मल्या जन्मल्या पोरगं चालते कसं?" तेव्हापासून विहारात त्यांच्या हाती माइक देत नाहीत. सरांना याचा भारी अभिमान.

मुलगा नागेश यानं बेल्लमपल्लीच्या खाण कामगाराची मुलगी पसंत केली. प्रसन्ना. तेलुगू बोलणारी, ख्रिस्ती. सरांनी आनंदानं लग्न लावून दिलं आणि सुनेकडून बायबल वाचायला मागून घेतलं. ती कौतुकानं पाहत राहिली. सर हाती पेन्सिल घेऊन पेपर तपासायला बसलेत, हे तिला कुठं ठाऊक!

गंमत होती तोवर चाललं. यंदा नाताळच्या नाटकात नात अर्पिता मरीया होणार होती. अकरा वर्षांची पोर शाल पांघरून, पोटाशी उशी धरून घरभर हळूहळू चालायची. सर तिला म्हणाले, "बेटा, हे काई पटत नाही. हेरोद राजा असताना बाळाचा जन्म झाला म्हणते, अन् ज्या शिरगणतीसाठी मरीया नवऱ्याच्या गावाला गेली, ती तर तो राजा मेल्यावर कितीक वर्षांनं झाली. अन् मी सोता शिरगणतीची ड्युटी केली. माणूस राह्यते तिथंच मोजतात. गरोदर बाईला मोजासाठी गावाकडं कोण बोलावते?"

पोरीनं शालीची घडी घातली. "खोटं हाये तर मी नाही करत."

प्रसन्ना स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतक्या वर्षांत तिचा आवाज कधी चढला नव्हता, आताही चढला नाही. "मामय्या, तुमी नाटकाला येऊ नका," एवढंच ती सासऱ्यांना म्हणाली.

सरांना जेवण गोड लागेना. नातीचं पहिलं नाटक, आणि तेच बुडायला आलेलं! तिची मनधरणी करायला गेले, तर ती म्हणाली, "तुमीच म्हणता ना, पटल्याशिवाय करू नये?" नात कोणाची!

शेवटी सर सुनेसमोर जाऊन बसले. "माह्यं काय चुकलं ते तं सांग. मोजणीसाठी गावाकडं गेलेलं एक तरी माणूस दाखव."

भाकरी थापता थापता प्रसन्नाचा हात थांबला. तिनं सासऱ्याकडं पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. "दाखवते की. मीच!"

तेलंगण नवं झालं त्या वर्षी घरोघरचा सर्वे एकाच दिवशी झाला होता. नागेश आणि ती तेव्हा हैदराबादला, तिला सातवा महिना. "तुमीच फोन केला, मामय्या. गावात नाव लागलं नाही तर रेशन कार्डातून कटते, दोघंही या म्हणून. सगळं शहर गावाकडं निघालं होतं. निर्मलपर्यंत चार-पाच तास मी बसमधी उभी होती."

"अन् पोटात मी होती?" अर्पितानं विचारलं.

सरांनी बोटांवर महिने मोजले. मग ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तारखांचं माह्यं म्हणणं कायम हाये बरं! पण कोणी बोलावत नाही, हा आक्षेप मागं घेतो." त्यांनी बायबल उघडलं आणि समासातली एक खूण खोडून टाकली. अर्पितानं तोवर शाल पांघरली होती. प्रसन्ना म्हणाली, "नाटक सहा वाजता हाये. उशीर करू नका."

नाताळला चर्च खचाखच भरलं होतं. अर्पिता पावलं ओढत सराईच्या दारात आली. आतून एक पोरगा ओरडला, "जागा नाही!" सरांनी मागं वळून पाहिलं. नाटकातल्या धाकट्या पोरांचे कपडे आवरून आत्ताच आलेली प्रसन्ना भिंतीला टेकून उभी होती. सर बाकावर सरकले आणि थेट वर्गातल्या आवाजात म्हणाले, "प्रसन्ना, इकडं ये. इथं हाये जागा."

सगळं चर्च हसलं. मरीयेचा नवरा योसेफ झालेला पोरगा आपलं वाक्य विसरला. प्रसन्ना आली आणि सासऱ्याशेजारी बसली.