नवऱ्याने गाडीला सुपरचार्जर बसवला

माझा नवरा हट्ट करणाऱ्यातला नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर हा माणूस मुकाट्याने ताक मागून घेतो, पण मीठ जास्त झालंय असं म्हणत नाही. लातूरहून हिंजवडीत आला, एका कंपनीला चिकटला तो चिकटलाच. याची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा त्या दुसऱ्यासाठी केकही हाच घेऊन गेला होता. अशा माणसाने एका दुपारी ऑफिसातून फोन करून मला सांगितलं, "मी ठरवलंय." मला वाटलं, नोकरी सोडतोय. मी खुर्चीत नीट बसले. तर म्हणाला, "गाडीला सुपरचार्जर बसवतोय."

आमची गाडी आधीच काही बिचारी नव्हती. कुणा हौशी माणसाने वापरून विकलेली, लाल, बुटकी, पळण्यासाठीच जन्माला आलेली. आम्ही राहतो हिंजवडीजवळच्या चांद्यात, एका शेतकरी कुटुंबाच्या घरात खालच्या मजल्यावर भाड्याने. तिथून बाहेर पडायचं तर प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं आणि नवरा स्वतःचं पोट घासल्यासारखा "आई गं" करायचा. आता त्या गाडीला आणखी ताकद हवी होती. सुपरचार्जर म्हणजे काय ते त्याने रात्रीच्या जेवणात मला वाटी आणि चमचा घेऊन समजावलं. इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र असतं, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद.

"आपण ताकद लावायची कुठे?" मी विचारलं. "सकाळी आपल्यापुढे काँक्रीटचा मिक्सर असतो. तो गोल फिरतो आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो."

यावर त्याने ताक मागितलं नाही. वाटी-चमचा पुढे ओढून पुन्हा पहिल्यापासून समजवायला लागला. मला कळलं की हे प्रकरण साधं नाही.

मग मी अट घातली. आमच्याकडे रोजच्या वापराला हीच एक गाडी. मी माझ्या कंपनीत पगाराचं काम बघते. महिनाअखेरीला मी वेळेवर पोचले नाही तर अख्ख्या मजल्याचे चेहरे उतरतात. म्हणून सांगून टाकलं, "ज्या दिवशी ही गाडी मला रस्त्यात उभी करील, त्या दिवशी तुझा तो डबा उतरवायचा. कारणं सांगायची नाहीत." तो इतक्या पटकन "मान्य" म्हणाला की मला आणखी चार अटी घालायला हव्या होत्या असं वाटलं.

ऑफिसच्या वाटेवर महाळुंग्यात दोन उंच इमारतींच्या मधल्या पट्टीत एक गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकला गाडीपेक्षा बोलण्याची हौस जास्त. मी त्याला सरळ विचारलं, "रोज वापरायची आहे. भरवसा काय?"

"मॅडम, पॉवर म्हणाल तेवढी देतो. बूस्ट, म्हंजी हवेचा दाब, कमी ठेवलाय, पेट्रोल किती सोडायचं तो मॅप सांभाळून केलाय. भरवसा म्हणाल, तर तो चालवणाऱ्यावर हाय."

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर पेशंटच्या पथ्याबद्दल बोलतात, तसा त्याचा सूर होता.

तर पथ्य सुरू झालं. सकाळी इंजिन पुरतं गरम होईपर्यंत गाडी जोरात चालवायची नाही. संध्याकाळी इंजिन लगेच बंद करायचं नाही, दाराशी घुरघुरत ठेवायचं. गर्दीत अडकलो की नवरा काट्याकडे बघायचा आणि एसी बंद करायचा.

"इंजिन तापतंय," म्हणायचा.

"आणि मी?"

"तू काच खाली कर ना."

काच खाली केली की महाळुंग्याच्या बांधकामांची धूळ आत. तीच धूळ हवेच्या फिल्टरमध्ये जायची, म्हणून दर रविवारी तो फिल्टर काढून झटकायचा. घरातले पडदे मात्र दिवाळीपर्यंत थांबायचे. ऑइल तर तो इतक्यांदा तपासायचा की माझ्या मनात आलं, इतक्यांदा याने कधी माझा ताप बघितला नाही.

खरं सांगते, मी ती गाडी बंद पडायची वाट बघत होते. काटा जरा वर चढला की मला आत आशा वाटायची. पण गाडी काही बंद पडेना. महिन्यामागून महिने गेले, पगार वेळेवर झाले. आणि नवरा बदलायला लागला. शेजारच्या नांद्याच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला की तो ॲक्सिलरेटरवर पाय दाबायचा, बॉनेटखालून घुंईंई असा बारीक आवाज चढत जायचा आणि याच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, जे लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही. गुणगुणायला लागला. एकदा तर भाजी खारट झालीय असं स्पष्ट म्हणाला.

आमच्या घरमालकांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही म्हणतो. थोडी जमीन बिल्डरला गेली, उरलेल्या खाचरांत घरापुरता इंद्रायणी तांदूळ लावतात आणि ट्रॅक्टरवर पोरासारखी माया करतात. त्यांनी एकदा आवाज ऐकून विचारलं, "शिट्टी कशाची वाजतीया ओ?" नवऱ्याला तेवढंच पुरे झालं. बॉनेट उघडून त्याने सगळं प्रवचन दिलं. तात्या शेवटी म्हणाले, "म्हंजी पट्ट्यावर चालतंय. पिठाच्या गिरणीवानी."

नवऱ्याला गिरणी मनाला लागली असणार, पण तो म्हणाला, "अगदी बरोबर." त्या दिवसापासून तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले की आमच्या भाडेकऱ्याच्या गाडीत गिरणी हाय.

आणि मग खंडेनवमी आली. त्या घरात खंडेनवमी म्हणजे एकही लोखंड सुटत नाही. विळे, कोयते, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, मिक्सर, काकूंची शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून ओळीने मांडतात. तात्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. त्या आरतीचं ताट घेऊन आमच्या गाडीपाशी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वरनं काय पुजायची? ती गिरणी उघडा."

माझा नवरा हरखला. इतक्या महिन्यांत त्याच्या सुपरचार्जरला मान देणारं हे पहिलं माणूस. त्याने बॉनेट उघडलं. काकूंनी सुपरचार्जरला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि झेंडूचा चांगला हातभर हार त्याच्या गळ्यात घातला. गळा कुठला ते त्यांनीच ठरवलं. जाताना बजावलं, "आपल्या हातानं काढायचा न्हाई बरं का. सुकून पडंल तवा पडंल."

अक्षता त्याने नंतर चिमट्याने एकेक वेचल्या. हार मात्र काढवेना. "त्यांना वाईट वाटेल," म्हणाला. मी म्हटलं, बॉनेटखाली कोण बघायला येतंय? तर म्हणाला, "उद्या त्यांना घेऊन जायचंय. तात्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं तर?" शेवटी त्याने हार पट्ट्यापासून लांब ओढला आणि दोऱ्याने पाइपला बांधून टाकला. इंजिनियर माणूस. ऑइलच्या थेंबाचा हिशोब ठेवणारा. आणि भिडेपोटी इंजिनात हार ठेवून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला काकूंना मुठ्याला, त्यांच्या माहेरी जायचं होतं. तात्यांनाही गिरणी चालताना बघायची होती. दोघं मागे बसले, गुडघे हनुवटीला लावून. पिरंगुट मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, चढ सुरू झाला. तात्या मागून म्हणाले, "दाबा की जरा. लई ऐकलंय तिच्याबद्दल."

याच्या आयुष्यात याला कुणी 'दाबा' असं म्हटलेलं नव्हतं. याने दाबलं. घुंईंई आवाज चढला, आम्ही सगळे सीटला चिकटलो, तात्या "आयला!" म्हणाले. आणि गाडीत झेंडूचा घमघमाट सुटला.

"कसला वास सुटलाय ओ," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "देवी पावली."

देवी दोन वळणं पावली. मग काचेवर पिवळ्या पाकळ्या उडाल्या, खाली कसला तरी तडाखा बसला, स्टेअरिंग जड झालं, लाल दिवे लागले आणि काटा सरसर चढला. नवऱ्याने गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर दोरा तुटून हार पट्ट्यात गेलेला, पट्टा निसटलेला आणि सगळ्या इंजिनावर झेंडूची भाजी शिजलेली.

काकूंचा भाऊ मुठ्याहून ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्या ट्रॅक्टरलाही हार होता, पुढे छान डुलणारा. त्याने आमची गाडी दोराने ओढली. पळायला जन्मलेली ती लाल गाडी गावात शिरली ती ट्रॅक्टरच्या मागे, आणि सोनं द्यायला घराबाहेर पडलेलं सगळं गाव बघत उभं राहिलं.

काकूंच्या माहेरच्या ओट्यावर खटला चालला. अट सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती मीच सगळ्यांना सांगितली होती. काकू रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "गाडी न्हाई थांबली, हार अडाकला. दोष माझा हाय." तात्या म्हणाले, "कंची बी गाडी असती तरी हेच झालं असतं." त्यांचं बरोबर होतं. पण मला उन्हात ट्रॅक्टरमागून फरफटत आल्याची लाज वाटत होती, संताप डोक्यात गेला होता. चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते. म्हणाले, "अहो, थांबली म्हणजे थांबली."

"बरोबर आहे," नवरा म्हणाला. "कारणं सांगायची नाहीत असं ठरलंय."

त्याने खरंच एकही कारण सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी टेम्पोवर घालून महाळुंग्याला नेली, सुपरचार्जर उतरवला, मूळचा पट्टा बसवून आणला. तो डबा फडक्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवला.

गाडी आता शहाण्यासारखी चालायला लागली. तापायची नाही, शिट्टी वाजवायची नाही, एसी भर गर्दीत गारेगार. नवराही तसाच झाला. गुणगुणणं बंद. रविवारी फिल्टर झटकायचा नसल्यामुळे त्याने न सांगता पडदे धुतले. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. त्याने ताक मागितलं.

मीही ती खारट आमटी संपवली. त्याने टोमणा मारला असता, रुसला असता, तर मी भांडले असते, भांडणात मी कधी हरत नाही. पण एका सकाळी नांद्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला तरी तो लायसन्सच्या परीक्षेला बसल्यासारखा दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून चालला होता. मी म्हटलं, "दाब की जरा."

"काय दाबू?" तो म्हणाला. रागाने नाही. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

ऑफिसात पोचल्याबरोबर मी मेकॅनिकला फोन लावला.

"मॅडम, तुमीच काढाया लावला न्हवता का?"

"मीच. परत बसवायचाय. पट्ट्याला झाकण लावता येईल?"

"लावू की. पन रोजच्या वापराचा भरवसा मी देनार न्हाई हां, आधीच सांगतो."

"तो तुम्हाला मागितलाच नाहीये," मी म्हटलं.

संध्याकाळी मी पलंगाखालून तो डबा ओढून काढला. वजनदार होता, कमरेत चमक आली. खंडेनवमीचं हळदकुंकू अजून त्याच्या कडेला चिकटलेलं होतं. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"उद्या हा घेऊन महाळुंग्याला जायचंय," मी म्हणाले.

त्याने पुढे होऊन डबा माझ्या हातातून घेतला. मग प्रामाणिक माणूस तो, त्याने विचारलंच, "आणि ऐन महिनाअखेरीला मधेच थांबली तर?"

"तर मी उतरून धक्का मारीन," मी म्हणाले. "तू स्टेअरिंग धर."