पाणी अजून लालच आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रविवारी नदीवर भेटणाऱ्यांनाही नाही. आज तुम्हांला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाच धड ठाऊक नाही.

मी विरारला राहतो, नोकरी करतो, आणि सुट्टीला वैतरणेवर गळ टाकून बसतो. हा नाद मला पास्कल काकांनी लावला. निर्मळला त्यांची केळीची वाडी. आमची ओळख नदीकाठचीच. पण गाठ कशी मारायची, भरतीचं पाणी चढू लागलं की जिताडा कुठल्या खडकाआड दबा धरून बसतो — सगळं त्यांनी शिकवलं, हातचं काही न राखता. पावसाळाभर नदी लाल, गढूळ वाहते. नवरात्राच्या आसपास निवळते, आणि मग थोडेच दिवस जिताडा खरा लागतो. त्या दिवसांची काका वर्षभर वाट बघायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. तरी त्या मोसमात मी त्यांना घेऊन जायचं, असं ठरलं होतं. शब्द मीच दिला होता.

नवरात्रात त्यांचा फोन आला. जीभ जड झालेली. "पाणी निवळलं का रे?"

मी तेव्हा नदीतच उभा होतो. पायाखालची वाळू दिसावी इतकं नितळ पाणी. आणि मी म्हणालो — "नाही काका. अजून लालच आहे."

का? त्यांना धरून उतारावरून खाली आणायचं, खुर्ची मांडायची, गळाला आमिष लावून द्यायचं, मध्येच लघवीला न्यायचं — माझा रविवार त्यात गेला असता. एवढंच. दुसरं काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, नाही?

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर एकदा त्यांच्या बायकोने, मेरी काकूंनी केला. "सकाळपासून बूट घालून बसलेत. रिक्षा करून आणू का?"

"नको काकू, उगाच हेलपाटा होईल."

त्या दिवशी मला मोसमातला सगळ्यात मोठा जिताडा लागला. त्याचा फोटो मी कुणालाही पाठवला नाही — फिरत फिरत निर्मळला पोचला असता.

थंडी पडायच्या आत काका गेले.

मातीला गेलो. चर्चच्या आवारात काकू कुणाला तरी सांगत होत्या, "शेवटपर्यंत नदी नदी करत होते. पण यंदा पाणी निवळलंच नाही." आणि माझ्याकडे वळून — "हो ना रे?"

तिथे तरी बोलता आलं असतं. मी म्हणालो, "हो काकू. नाहीच निवळलं."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "तू होतास म्हणून त्यांना कळत तरी होतं," म्हणाल्या.

नंतर कितीदा तरी त्यांच्याकडे गेलो. दर वेळी ठरवून जायचो — आज सांगायचंच. दर वेळी चहा पिऊन, त्यांनी दिलेली केळी घेऊन परत. आता काकूंना माणसं ओळखू येत नाहीत. मी समोर बसलो की मला जावई समजतात, आग्रहाने जेवायला थांबवतात.

मी थांबतो. जेवतो.