लाईन न्हाय म्हणतेत

मी मोहोळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो आणि राहतो सोलापुरात. दरवर्षी नव्या वर्गाचा पहिला तास मी 'लाईन' या एका शब्दावर घेतो. हा शब्द तुमच्या घरात कोण कसा वापरतं, असं विचारतो आणि फळा भरत जातो. रेशनच्या दुकानापुढची लाईन. पोलिसांची लाईन. "कुठल्या लाईनला हाईस?" म्हणजे धंदा कोणता. कोण कुणाला लाईन देतं, हे मागच्या बाकावरून हळूच येतं आणि वर्ग फिदीफिदी हसतो. शेतकऱ्यांच्या पोरांच्या लेखी मात्र लाईन म्हणजे वीज. लाईन आली की मोटर चालू, गेली की सगळे बांधावर बसून.

मग मी हुकमाचा एक्का काढतो. हा शब्द मुळात लॅटिनमधला आणि त्याचं नातं जवसाशी. आपण ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तेच जवस. त्याच्या खोडातून धागा काढायचे. तो ताणून धरला की सरळ रेघ मिळायची, म्हणून धाग्याचंच नाव रेघेला पडलं. कापडाचे माग चालवणाऱ्यांच्या पोरांना हे लगेच पटतं. मला स्वतःला तर ते इतकं आवडतं की घरी आलेल्या पाहुण्यांनाही मी सोडत नाही.

अशा या माणसाला गेल्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मंद्रूपला शेती करतो. वहिनीला दोन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या, म्हणून त्यानं सकाळीच तिला सोलापुरात एका दवाखान्यात आणलं होतं. मी शाळेच्या व्हरांड्यात होतो, मधली सुट्टी चालू होती.

"हितं लाईन न्हाय म्हणतेत," दादा म्हणाला. "सिस्टर सारखं म्हणायलीया, लाईन मिळंना, लाईन मिळंना. काय करू?"

"दिवे चालू आहेत का?"

"हायत की. इन्व्हर्टरवर असतील."

मला दवाखान्याचाच राग आला. वीज नाही आणि पेशंट घेतात! "मग थांबलास कशाला? दुसरीकडं ने," मी म्हणालो. दादानं पुढं काही विचारलं नाही. चार बुकं शिकलेल्या भावाचा शब्द त्याला नेहमीच शेवटचा. मी फोन ठेवला आणि निवांत चहा प्यायलो, तेही सांगून टाकतो.

दादानं वहिनीला चाकाच्या खुर्चीत बसवून फाटकापर्यंत आणलं. गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात सिस्टर धावत आली. "काका, कुठं चाललाय?"

"लाईन असंल तितं."

तिनं कपाळावर हात मारला. "वीज न्हाय हो काका! सलाईन लावायला शीर मिळंना! डॉक्टर मानेतनं लाईन घालणार हायत!"

सलाईन आत जायला शिरेत जी बारीक नळी घालतात, तिलाही लाईन म्हणतात. माझ्या फळ्यावर हा अर्थ कधी आलाच नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं. अंगातलं पाणी इतकं आटलं होतं, की आणखी अर्धा तास रस्त्यात गेला असता तर बाई हाती लागल्या नसत्या. मोहोळात बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. मला फार लाज वाटली.

वहिनी पाच दिवसांनी घरी गेली. मी मंद्रूपला जाऊन तिच्यापुढं बसलो. "वहिनी, चूक माझीच. मला शब्दाचा अर्थ कळला नाही."

"आमाला तरी कुटं कळला?" दादा म्हणाला.

"मला कळला व्हता की," वहिनी म्हणाली. "दोनी हाताला सुया टोचून झाल्या, तवा सिस्टरनं मलाच सांगितलं व्हतं. तोंडावर ते ऑक्सिजनचं झाकण, ते काढलं तरी आवाज फुटंना. मी ह्यांचा हात वढत व्हते, मान हलवत व्हते. तर हे म्हणले, गप पड. आन फोन लावला तुमाला."

तिनं बांगड्या वर सारल्या. दोन्ही हातांवर सुयांचे काळेनिळे डाग अजून तसेच होते. त्या दिवशी तिच्याकडं कुणी नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं.