झाडून काढ!

आमच्या घरातला सर्वांत कष्टाळू जीव मी मारला. तो कडुलिंब होता.

बाबांच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर तो उभा असे, म्हणून वैशाखातही त्या खोलीत पंखा लागत नसे. बाबांना दमा होता. वैद्यबुवांनी बजावलं होतं, "उन्हाची झळ लागली, तर भरवसा नाही."

मी महाराजांच्या कचेरीत कारकून. शुद्ध मराठीच बोलायची, हा माझा हट्ट! (बडोद्यात हा हट्ट म्हणजे रोजचं भांडण.) एका सकाळी जवळच्या पादरा गावचा मगनभाई कामाला आला. लिंबाखाली पाचोळा साचला होता.

"त्याला 'वाळी नाख' म्हणा," बायको म्हणाली. केर काढायला गुजरातीत असंच म्हणतात.

"का? आपल्याला आपली भाषा नाही?" मी मगनभाईला लिंबाकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात फर्मावलं, "सगळं झाडून काढ!"

संध्याकाळी परतलो, तर अंगण लख्ख! पाचोळा नाही, सावली नाही, लिंबही नाही! मगनभाई घाम पुसत होता. (भला माणूस मदतीला भावालाही घेऊन आला होता.)

"अरे, हे काय केलंस?"

"साहेब, तमे ज कह्युं ने, झाड काढ!"

"अगं, तू तरी अडवायचंस!" मी बायकोवर ओरडलो.

"अडवलं की! म्हणाला, साहेबांचा हुकूम. तुमच्या हुकमापुढे माझं कधी चाललंय?"

आतून बाबा क्षीण आवाजात म्हणाले, "मला वाटलं, शिकलेला मुलगा आहे, काही विचार केला असेल."

दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या खोलीची पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापू लागली. खिडकीला वाळ्याचे पडदे लावले. ते भिजवायला विहिरीवरून घागरींमागून घागरी! छताला पंखा टांगला आणि त्याची दोरी ओढायला मी कचेरीतून रजा घेतली. लिंब हे सगळं उभ्या उभ्या करायचा, तेही बिनरजेचा! मला तासाभरात डुलकी येई आणि बाबांच्या धापेनं जाग येई. फार लाज वाटायची.

"दमलास?" एका दुपारी त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"लिंब बरा होता रे," ते म्हणाले. रागावले नव्हते, तेच मला सोसवेना.

वैशाख संपायच्या आत बाबा गेले.

तेराव्याला पंगती उठल्यावर मगनभाई मान खाली घालून आला. "साहेब, आंगण झाडून काढू?" बिचारा माझ्यासाठी मराठी शिकला होता!

माझा शुद्ध मराठीचा हट्ट तिथेच संपला. सगळ्या नातेवाइकांदेखत मी हात जोडून ओरडलो, "ना भाई, वाळी नाख! वाळी नाख!"

कारण अंगणात तोडण्याजोगा ओंडका आता मी एकटाच उरलो होतो.