चित्रात नसलेला कंद

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या दिवसांत मी पालघरच्या शाळेत नवा मास्तर होतो. मुंबईहून टपालाने रानातल्या वनस्पतींचं नवंकोरं पुस्तक मागवलं होतं. शाळेत कुणाला त्याला हात लावू दिला नाही, मिरवायला मात्र बाजारात घेऊन गेलो. तिथे डोंगरातली एक वारली बाई रानभाज्या विकायला बसायची. तिच्यापुढे कंदाच्या एका वेलाचं रंगीत चित्र धरून मी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "ओळख बघू मावशी, हा कोणता?"

तिने लुगड्याला हात पुसले, चित्र निरखलं आणि पान उलटून मागे पाहिलं. मागे भलत्याच झाडाचं चित्र होतं.

"कंद कुठं हाय?" ती म्हणाली. "असे वेल रानात पुष्कळ हायत. एकानं पोट भरतं, दुसऱ्यानं घसा जळतो. कंद बघितल्याशिवाय कसं सांगू?"

मला रागच आला. छापलेलं अपुरं असेल कसं? माझं तोंड बघून ती हसली. "भात कापून झालं की खणून आणते."

भातकापणी झाली. ती आणि तिच्या पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर कामाला गेली, असं शेजारच्या भाजीवालीने सांगितलं. पुढच्या पावसाळ्यातही तिची जागा रिकामीच होती. मी दर आठवड्याला तिथे थांबायचो, पुस्तक काखेत घेऊन.

आता कपाटात अशी कितीतरी पुस्तकं आहेत. नवं आलं की मी चित्राचं पान उलटून मागे बघतो, आणि मग उगाच दाराकडे.